लष्कराचे काडतूस, नागरिकाची रायफल

भारतात परवानाधारक नागरिकाकडे दिसणारी सर्वांत ओळखीची रायफल .३१५ बोरची असते. तिचा बोल्ट, चाप आणि एकूण बांधणी दोन महायुद्धे लढलेल्या ली-एनफील्ड रायफलीची आहे. काडतूस मात्र त्या सैन्याचे नाही. ते मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करासाठी तयार झाले होते. रायफल बनते पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात आणि काडतुसे येतात पुण्याच्या खडकीहून. असा विचित्र मेळ कोणा कारखानदाराने ठरवून घातलेला नाही. नागरिकाच्या हाती काय पडू नये, याचा जो हिशेब सरकारने शंभराहून अधिक वर्षे मांडला, त्यातून ही रायफल घडत गेली.

हिशेबाची सुरुवात १८५७ च्या उठावापासून होते. उठाव मोडल्यावर कंपनी सरकारने आणि नंतर राणीच्या सरकारने मुलूखच्या मुलूख नि:शस्त्र केले. १८६० मध्ये पहिला व्यापक शस्त्रकायदा आला. सैन्यातही नवी पद्धत रूढ झाली: तोफखाना शक्यतो गोऱ्यांच्या हाती ठेवायचा आणि देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची. ज्या सरकारचा स्वतःच्या पगारी शिपायावर एवढाच विश्वास होता, ते रयतेला किती मोकळीक देणार होते हे उघड आहे.

१८७८ चा शस्त्रकायदा व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. वृत्तपत्रांचा कायदा लिटननंतर आलेल्या रिपनने काही वर्षांत मागे घेतला. शस्त्रांचा कायदा राहिला. त्याने बंदूक, तलवार, दारूगोळा बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला, पण युरोपियनांना आणि मर्जीतल्या संस्थानिकांना व मानकऱ्यांना त्यातून सूट दिली. म्हणजे एकाच गावात चहामळ्याचा गोरा मॅनेजर हवी ती रायफल भिंतीला टांगू शकत होता आणि शेजारच्या पाटलाला ठासणीच्या बंदुकीसाठी कचेरीत अर्ज करावा लागत होता. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. तक्रारीचा रोख नि:शस्त्रतेइतकाच या भेदभावावरही होता.

कायदा होऊन वर्षही उलटले नव्हते, तोच त्याची पहिली मोठी परीक्षा मुंबई इलाख्यात झाली. आजच्या नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. दुष्काळाने पिचलेला मुलूख पाहून त्यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत रामोश्यांना हाताशी धरले आणि शिरूरजवळच्या धामारीपासून दरोडे घालून बंडासाठी पैसा उभा करायला सुरुवात केली. हत्यारे मिळतील तशी जमवलेली होती: तलवारी, भाले, थोड्या बंदुका. त्याच वर्षी जुलैत कलादगी भागात फडके पकडले गेले. त्यांना एडनला पाठवण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. शस्त्रकायदा फडक्यांच्या बंडामुळे आला असे कधी कधी सांगितले जाते. क्रम उलटा आहे. कायदा आधीचा, बंड नंतरचे. मात्र कायदा सैल करा म्हणणाऱ्यांना गप्प करायला बंडाची आठवण सरकारला पुढे बरीच उपयोगी पडली असणार.

या काळात सरकारला सर्वाधिक भीती वायव्य सरहद्दीची होती. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने .४५० बोरची मार्टिनी-हेन्री स्वीकारली आणि १८८८ पासून .३०३ बोरच्या मॅगझिन रायफली आल्या. दोन्ही चोरीला जात, आखातातून तस्करीने येत, आणि कोहाट खिंडीजवळच्या दर्रा आदमखेलचे कारागीर त्यांच्या हुबेहूब नकला करत. बंदूक घडवणे या कारागिरांना जड नव्हते. अडत होते ते चांगल्या काडतुसावाचून. पितळी पुंगळी आणि टोपी एकसारखी, भरवशाची बनवायला यंत्रे लागतात. भात्यावर आणि ऐरणीवर ते जमत नाही. सरकारने नेमके हे हेरले. शिकाऱ्यांसाठी विलायतेहून येणाऱ्या .४५० बोरच्या काडतुसांतील गोळ्या मार्टिनीच्या पुंगळीत भरता येतील, या धास्तीने १९०७ मध्ये त्या बोरच्या रायफलींची आणि दारूगोळ्याची हिंदुस्थानातील खासगी आयात बंद झाली. .३०३ लाही हाच न्याय होता.

विलायतेतील बंदूकवाल्यांना हा मोठाच फटका होता, कारण वाघ, गवा आणि हत्ती मारू पाहणारे साहेब आणि संस्थानिक ही त्यांची बड्या खर्चाची गिऱ्हाइके. पण कोणी धंदा गुंडाळला नाही. सरकारने माप बंद केले होते, रायफल बंद केली नव्हती. मग मापच बदलले गेले. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढले, जोसेफ लँगचे .४७० आले, जेफ्रीचे .४७५ आणि वेस्टली रिचर्ड्सचे .४७६. ताकद जवळपास तेवढीच, आकडा इंचाच्या दीड-अडीच शतांशाने पुढे. या घराण्यांच्या जाहिरातींत ही काडतुसे नव्या संशोधनाच्या थाटात मिरवली. त्यांचे जन्मकारण कलकत्त्याहून निघालेला सरकारी हुकूम होता, हे त्या जाहिराती सांगत नसत.

ज्यांना एवढी भारी बंदूक परवडत नव्हती किंवा लागतही नव्हती, त्यांच्यासाठी बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने दुसरी वाट काढली. ही कंपनी ब्रिटिश सैन्याला ली-एनफील्ड पुरवत होती. त्याच रायफलीचे पुढचे लाकूड कापून, संगिनीची खुंटी काढून ती ‘ली-स्पीड’ या नावाने शिकारी रायफल म्हणून विकली जाई. हिंदुस्थानसाठी तिची नळी बदलून ८ मिलिमीटरची केली गेली, इंचांत .३१५. काडतूस निवडले ते ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलीचे. ते सरहद्दीवर कुणाकडे असण्याची शक्यता नव्हती आणि हिंदुस्थानातील कुठल्याही सरकारी कोठारातून चोरता येण्याजोगे नव्हते. म्हणून परक्या बादशहाच्या सैन्याचे काडतूस नागरिकाला चालले आणि स्वतःच्या बादशहाचे चालले नाही. लष्करी रायफलीची नागरी आवृत्ती हा प्रकार अमेरिकेत गाजण्याच्या अर्धशतक आधी हिंदुस्थानच्या बाजारात रुळला होता, तो असा.

पोलिसांच्या बाबतीतही हीच युक्ती वापरली गेली. गावोगावच्या शिपायाला .३०३ दिली आणि ती हिसकावली गेली तर काय, या चिंतेपोटी जुन्या लष्करी रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून त्यांच्या .४१० बोरच्या ‘मस्केट’ केल्या गेल्या. दिसायला रायफल, मारा जवळचा, आणि लष्करी काडतूस तिच्यात निरुपयोगी.

युरोपात तेव्हा चित्र अगदी वेगळे होते. बेल्जियमच्या एफएन कंपनीची ब्राउनिंग पिस्तुले तेथे दुकानात विकत मिळत. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी लंडनच्या इंडिया हाउसमधील चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी २० पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला धाडली. त्यांतल्याच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. कायद्याने देशी बाजार घट्ट बंद करूनही परदेशातील मोकळ्या बाजाराची वाट उरतेच, हे सरकारला या प्रकरणाने दाखवून दिले. पुढे पहिल्या महायुद्धानंतर वंशावर आधारलेली सूट नियमांतून गेली. परवाना मात्र राहिला, आणि तो देणे-न देणे पूर्वीसारखेच अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

स्वातंत्र्यानंतर ज्यांनी शस्त्रकायद्याला काळा कायदा म्हटले होते तेच सत्तेवर आले. त्यांनी कायद्यातला भेदभाव काढला. चौकट मोडली नाही. फाळणीची कत्तल आणि तेलंगणाचा सशस्त्र लढा डोळ्यांसमोर असताना दुसरे काही घडणे कठीणच होते. १९४८ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती केंद्र सरकारच्या मक्तेदारीत टाकली आणि १९५६ च्या धोरणाने ती कायम केली. मुंगेर आणि जम्मू येथील छोट्या खासगी कारखान्यांना ठरावीक संख्येत छर्‍याच्या बंदुका बनवण्याची मुभा उरली. रायफलीचा नागरी उत्पादक देशात एकच: सरकार. ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्डची यंत्रे, साचे आणि कामगार होतेच; बीएसएची जागा ईशापूरने घेतली आणि .३१५ ‘स्पोर्टिंग रायफल’ सरकारी छाप घेऊन बाजारात आली.

काडतुसांची बाजू महाराष्ट्राकडे होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत काडतुसांना लागणारे पितळ तयार होते. खडकीत .३१५ ची, .३२ रिव्हॉल्व्हरची आणि १२ बोरची ‘शक्तिमान’ काडतुसे बनत आली. पुंगळीच्या बुडावर इंग्रजी ‘केएफ’ ही दोन अक्षरे आणि माप असते; ‘केएफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी, खडकीचे साहेबी नाव.

१९५९ चा नवा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या नियमांना जोडलेली अनुसूची वाचली की जुना हिशेब ओळीओळीत दिसतो. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोरच्या रायफली निषिद्ध; त्या मापाचे लष्करी काडतूस ज्यात बसेल अशी दुसरी कुठलीही रायफल निषिद्ध; .४१० ची मस्केट निषिद्ध; .३८०, .४५५ आणि लष्करी ९ मिलिमीटरची पिस्तुले-रिव्हॉल्व्हर निषिद्ध. चाप दाबून धरल्यास गोळ्या सुटत राहणारे स्वयंचलित शस्त्र तर कायद्याच्या व्याख्येतच वर्ज्य ठरले, आणि अर्धस्वयंचलित रायफलीही निषिद्ध यादीत गेल्या. परवान्याच्या धंद्यातले लोक आजही या वर्गवारीला ‘पीबी’ आणि ‘एनपीबी’ म्हणतात: निषिद्ध बोर आणि अनिषिद्ध बोर. एनपीबीचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्त देऊ शकतो. पीबीसाठी फाइल थेट दिल्लीला केंद्रीय गृहमंत्रालयात जाते.

या यादीत रायफल दिसायला कशी आहे, याचा विचार जवळपास नाही. दस्ता लाकडी की प्लास्टिकचा, मॅगझिन बाहेर आलेले आहे का, संगीन लागते का, हे प्रश्न कायद्याने विचारलेच नाहीत. त्याने विचारले दोनच: लष्करी काडतूस बसते का, आणि पुढची गोळी आपोआप भरली जाते का. अमेरिकेत नेमके उलट घडले. कोल्ट कंपनीने १९५९ मध्ये आर्मालाइट कंपनीकडून एआर-१५ रायफलीचे हक्क घेतले. सैन्याला तिची स्वयंचलित आवृत्ती एम-१६ म्हणून मिळाली आणि १९६४ पासून अर्धस्वयंचलित आवृत्ती नागरिकांना दुकानात. पेटंटची मुदत १९७७ मध्ये संपल्यावर इतर कंपन्याही उतरल्या. १९९४ मध्ये तेथील संसदेने अशा रायफलींवर दहा वर्षांसाठी बंदी घातली, पण ती मुख्यतः लक्षणांवर: घडीचा दस्ता, संगिनीची खुंटी, नळीच्या टोकाचा ज्वाळारोधक. कारखानदारांनी ती लक्षणे काढली आणि उरलेली रायफल विकणे चालू ठेवले. १९०७ साली हॉलंड आणि लँग यांनी जे केले तेच हे. कायदा जे मोजतो, ते बदलायला उत्पादक शिकतो. भारतात ही पळवाट स्वातंत्र्यानंतर बुजली, कारण कायदा करणारा आणि बंदूक बनवणारा एकच होता.

बाजाराला खरी गळती लागली ती शस्त्रकायद्यामुळे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळपास संपवली आणि ‘स्पोर्टिंग रायफल’ या नावातला खेळच गेला. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरवले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयातही बंद झाली. त्यामुळे एखाद्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरला किंवा वॉल्थर पिस्तुलाला शहरात नव्या गाडीइतकी किंमत येऊ लागली. गावाकडे परवान्याचे कारण उरले पीकसंरक्षण. कोकणात, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत, रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून भात, काजू, नारळ राखण्यासाठी ठासणीची किंवा एकनळी काडतुसी बंदूक बाळगणारे शेतकरी अजून आहेत. निवडणूक लागली की ती बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायची आणि आचारसंहिता उठली की परत आणायची. हंगाम नेमका त्यातच सापडला तर रानडुकरांचे फावते, ही तक्रार जुनी आहे.

उत्तर भारताचे प्रकरण निराळे. तेथे बंदूक प्रतिष्ठेची झाली. केंद्राच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीत उत्तर प्रदेशात सुमारे १२ लाख ७७ हजार परवाने होते, तर महाराष्ट्रात साधारण ८४ हजार. एवढ्या परवान्यांमागे .३१५ ची काडतुसे खेड्यापाड्यांत पोहोचली आणि त्यांच्या मागोमाग गावठी कट्टा. कट्टा बनवणारा कारागीर बोर स्वतः निवडत नाही. ज्या मापाचे काडतूस हाताशी आहे त्या मापाची नळी तो बसवतो. म्हणून देशी कट्टे मुख्यतः .३१५ आणि १२ बोरचे निघाले, आणि उत्तर प्रदेश-बिहारमधील गुन्ह्यांच्या पंचनाम्यांत ‘८ एमएम केएफ’ छापाची रिकामी पुंगळी हा नेहमीचा उल्लेख बनला. सरहद्दीवरच्या पठाणाला मिळू नये म्हणून निवडलेले माप शेवटी देशातल्या गुन्हेगारांचे लाडके झाले. महाराष्ट्रात सापडणाऱ्या गावठी पिस्तुलांचा माग बरेचदा जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, सातपुड्यातील उमर्टीपर्यंत जातो.

लष्करी रायफल नागरी हातांत पोहोचली ती कोकणच्या किनाऱ्यावरून, दुकानातून नाही. ९ जानेवारी १९९३ रोजी दिघी येथे आणि फेब्रुवारीत ३ व ७ तारखेला शेखाडी येथे, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तस्करांनी शस्त्रे आणि स्फोटके उतरवली. त्यांत आरडीएक्सबरोबर एके-५६ रायफली होत्या. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. या स्फोटांच्या खटल्यात अभिनेता संजय दत्त याला कट रचल्याच्या आरोपातून मुक्त केले गेले, मात्र एके-५६ आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल शस्त्रकायद्याखाली दोषी ठरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी त्याची शिक्षा पाच वर्षे केली. दोन्ही शस्त्रे कायद्याच्या भाषेत निषिद्ध.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या हिशेबाची दुसरी बाजू उघडी पडली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर पोलिसांकडे जुन्या .३०३ होत्या. दर गोळीमागे बोल्ट मागे-पुढे करावा लागणारी ही रायफल नागरिकाला न देण्याइतकी धोकादायक मानली जात होती, आणि त्या रात्री ती पोलिसाच्याही कामाची उरली नव्हती. त्यानंतर महाराष्ट्राने फोर्स वन हे विशेष पोलिस पथक उभारले आणि पोलिसांची शस्त्रे बदलली.

धोरण मग दोन दिशांना सरकले. २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्राला खुले झाले होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी खासगी कंपन्यांना बंदुका बनवण्याच्या परवान्यांची सविस्तर पद्धत घालून दिली. विकत घेणाऱ्यावरची बंधने मात्र वाढली. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली, निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षे केली, आणि वराती-मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. परवान्याची मुदत तेवढी तीनवरून पाच वर्षे झाली.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, ईशापूर कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्सकडे. मंडळाला नागरी विक्री ही बाजूची गोष्ट होती. कंपनीला ताळेबंद असतो. २०२३ मध्ये कानपूरने लांब पल्ल्याचे म्हणून ‘प्रबळ’ हे रिव्हॉल्व्हर काढले, तेही .३२ बोरचेच. शहरी गिऱ्हाईक आता असेच आहे.  शहरी हद्दीत परवान्यासाठी मुख्य कारण सांगितले जाते आत्मसंरक्षणाचे, आणि त्यासाठी कमरेला लावता येईल असे हत्यार लागते. रायफल घेऊन कोणी कार्यालयात बसत नाही.

रायफल खरोखर वापरणारा नागरी वर्ग उरला तो नेमबाजांचा. मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशनची वरळीची रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत दिली आणि स्वप्निल कुसळेही. कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. ही स्पर्धा .२२ बोरची, एकेक गोळी भरून खेळायची. नामवंत नेमबाजांना शस्त्रांच्या संख्येत आणि आयातीत वेगळी सवलत आहे. वरच्या दर्जाचे खेळाडू परदेशी बनावटीच्या रायफली वापरतात, ईशापूरच्या .३१५ ला ऑलिंपिकमध्ये स्पर्धाच नाही.